पेशंट जरा जास्तच पाठ करून आलीय

ॲनिशा नर्सिंगच्या तोंडी परीक्षेत एकदा नापास झाली होती. उद्याची संधी शेवटची, आणि विषय तोच: गरोदरपणाची सुरुवातीची लक्षणं. सरावासाठी तिने भाऊ केनीच्या बायकोला, टिफनी वहिनीला, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं.

“तू पेशंट. पाळी कधी आली होती?”

“दोन महिने झाले असतील. माझी कुठे वेळेवर येते?”

“मळमळ?”

“रोज सकाळी. ब्रश तोंडात घातला की.”

“लघवीला?”

“रात्रीतून तीनदा. केनी म्हणतो, बाथरूमच्या दाराला तेल घाल.”

“थकवा?”

“काल वालीवहून येताना रिक्षात झोपले. रिक्षावाल्याने उठवलं.”

ॲनिशाने वही मिटली. “वहिनी, माझं पुस्तक वाचलंस ना? खऱ्या पेशंटला सगळं एकदम होत नाही गं!”

तेवढ्यात बर्थाने, म्हणजे ॲनिशाच्या आईने, सुके बोंबील तव्यावर टाकले. टिफनी तोंडावर हात धरून मागच्या वाडीत पळाली.

“आई, ॲक्टिंग बघ! वहिनी, ॲक्टिंग कमी कर!” ॲनिशाने टाळ्या वाजवल्या.

टिफनीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, मुलासाठी तीन डॉक्टर करून झाले होते. घरात तो विषय आता कोणी काढत नसे. त्यामुळे कोणाला काही सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षक सावे मॅडमनी केस विचारली. ॲनिशाने वहिनीच घडाघडा सांगितली.

“छान. ही लक्षणं कोणत्या गटातली?”

“संशयाची, मॅडम. इतर कारणांनीही होतात.”

“मग पेशंटला काय सांगितलंत?”

ॲनिशाला वाडीत पळालेली वहिनी आठवली. “सांगितलं... ॲक्टिंग कमी कर.”

“काय?”

“मॅडम, एक फोन करू? घरी.”

सगळं ऐकून मॅडमनी चष्मा काढला. “बाहेर बसून फोन करा. शेवटी या.”

केनी मेडिकलमधून प्रेग्नन्सी टेस्टचं किट घेऊन आला, तोवर चार मुली पास होऊन गेल्या. मग फोन आला. ॲनिशा डोळे पुसतच आत गेली.

“दोन रेघा आल्या, मॅडम!”

“म्हणजे खात्री?”

हो म्हणायचं ॲनिशाच्या फार मनात होतं. “नाही. शक्यता. खात्री सोनोग्राफीत ठोके दिसल्यावर.”

“पास.”

फोन अजून चालूच होता. त्यातून बर्थाचा आवाज आला, “केनी, माळ्यावरचा पाळणा काढ!”

“या कोण?” मॅडमनी विचारलं.

“आई.”

“त्यांना नापास करा,” म्हणत मॅडमनी सही केली आणि हळूच विचारलं, “सोनोग्राफी कधी आहे? मला कळवा.”