धुडकू नानाचा दोर

आमचा धुडकू नाना रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी गावची विहीर मोजायचा. दोराला दगड बांधून तो तळापर्यंत सोडायचा, वर ओढायचा आणि ओल्या भागातल्या गाठी मोजायचा. दोन्ही हात पसरले की एक वाव, आणि दर वावेला एक गाठ. मग गल्लीभर ओरडत जायचा, "आज पानी सात वाव शे! जपीसन वापरा!"

तो माझा शेजारी. अंगाने काडी, आवाज मात्र लाउडस्पीकरचा. त्याला सगळ्याचंच भ्याव. माझ्या सुनेने कुकर लावला की शिटी होईपर्यंत हा अंगणात उभा. पिंपळनेरच्या बसमध्ये बसायला जागा असली तरी हा दाराशी उभाच जायचा. का, तर बस उलटली तर उडी मारता यावी.

पाणी तीन वावेच्या खाली गेलं की त्याचं डोकंच फिरायचं. घराघरात शिरून हंड्यात बोट घालून बघायचा. "अक्का, उकाळं का पानी?"

"उकाळं."

"मंग हंडा थंडा कसा?"

"अरे, प्यायचं पाणी थंड करून ठेवू नको तर काय चुलीवरून पिऊ?" मी हाकलून द्यायची. दुसऱ्या दिवशी परत हजर.

त्याच्या बायकोचं नाव केसर. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीचा तळ दिसायला लागला, तेव्हा आम्ही बाया आत उतरून वाटीने गढूळ पाणी भरायचो. ते पिऊन केसरला हगवण लागली आणि तीन दिवसांत ती गेली. नाना त्यावर कधी बोलला नाही. गावाने विचारलं नाही, मीही नाही.

पुढे गावात रंगीत टीव्ही आला, त्या साली सरपंच धुळ्याहून बातमी घेऊन आले. परदेशातली एक कंपनी कांदा सुकवायचा कारखाना काढणार होती. आपल्या गावात काढला तर पोरांना काम, आणि कंपनीच्या टाकीवरून घरोघर नळ. नळ म्हटल्यावर मी तर मंदिरात नारळ फोडून आले. चाळीस वर्षं डोक्यावर हंडे वाहून माझे गुडघे गेले होते.

सरपंचांनी अर्जात लिहिलं, भर फाल्गुनातही विहिरीला सात वाव पाणी. आकडा अर्थात नानाचा. पण कंपनीचा साहेब बघायला येणार असं ठरलं, तसे सरपंच माझ्याकडे आले. "अक्का, त्या दिवशी नानाला पापड लाटायला बसवा, काहीही करा. तो साहेबासमोर आला तर संपलं."

मी बसवला. चार पापड लाटले आणि गाड्यांचा आवाज आल्याबरोबर लाटणं टाकून पळाला.

गोरा साहेब विहिरीत वाकून बघत होता. सोबत धुळ्याचा अधिकारी, दुभाषा आणि अख्खं गाव. नानाने पुढे होऊन विचारलं, "सायेब, तुम्हले रोज कितलं पानी लागस? आम्हले उरी का?"

सरपंचांचा चेहरा पांढरा पडला. दुभाष्याने काय सांगितलं कोण जाणे, साहेब नुसता हसला. मग अधिकाऱ्याने वजन लावलेला टेप विहिरीत सोडला. ओढून बघितला. परत सोडला.

"सरपंच, हे सात वाव आहे? सव्वापाचसुद्धा नाही."

मला एकच धास्ती. नळ जातो की काय!

सरपंच नानावर धावून गेले. "वीस वर्षं गावाला खोटं सांगत होतास?"

नाना म्हणाला, "दोर खोटा नही. गाठी केसरनी मारेल शेतस. तिना हातना वाव."

केसर चणीने लहान होती, माझ्या खांद्याला लागायची. तिचे पसरलेले हात सरकारी वावेचे सहा फूट कुठले भरणार, म्हणून गाठी जवळजवळ आणि आकडा मोठा. दोर झिजला की नाना नवा आणायचा आणि जुन्याला लावून गाठीसमोर गाठ मारायचा. कमीजास्त होईल याचा त्याने विचारच केला नव्हता. तिने मोजलं म्हणजे मोजलं.

साहेबाने वहीत काही लिहिलं आणि गाड्या गेल्या. महिन्याने कळलं, कारखाना दुसरीकडे गेला. नळ आला नाही. लोक नानाशी बोलेनासे झाले. "याच्या दोराने गावाला फाशी दिली," असं पोरं त्याच्या तोंडावर म्हणायची. मीही त्याला दार उघडलं नाही. खोटं कशाला बोलू?

नानाने विहिरीवर येणं बंद केलं.

वैशाख लागला. पाणी खाली खाली चाललं, पण किती उरलं ते कोणी सांगेना. हंड्यात गाळ यायला लागला. शेजारच्या गावात दोन लेकरं हगवणीने गेल्याचं कानावर आलं, तशा बाया विहिरीवर घागरी घेऊन नुसत्याच उभ्या राहायला लागल्या. भरावं की नाही, कोणाला कळेना. माझी नात तेव्हा दीड वर्षाची. मी तशीच नानाच्या घरी गेले.

तो जमिनीवर बसला होता. समोर जुना दोर, शेजारी कोरा नवा दोर, आणि 'यापुढे हिने मोज' म्हणून सरपंचांनी त्याच्या अंगणात फेकलेली सहा फुटांची काठी. गाठ एकही मारलेली नव्हती.

"अक्का, काठीनी मोजू तं गाठ तिन्या जागावर येत नही," तो म्हणाला. "कथी मारू?"

"केसर मारायची तिथेच मार," मी म्हटलं. "आणि लवकर ऊठ. बाया खोळंबल्यात."

त्याने गाठी मारल्या. दोराचं दुसरं टोक मी धरलं. मग विहिरीवर जाऊन त्याने दगड सोडला. वर ओढून ओल्या गाठी दोनदा मोजल्या.

"दोन वाव," शेवटी हळूच म्हणाला. "उकाळीसन प्या, मायहो."

बायांनी घागरी भरल्या आणि घरी जाऊन चुली पेटवल्या.