खरेदीखताची पाठवणी

पतपेढीतला धर्मराज माणसाकडे बघतच नाही, कागदाकडे बघतो, ही गोजरबाईची तक्रार कुळगावात एव्हाना सगळ्यांना पाठ झाली होती. कर्जासाठी घर पाहायला आला तर चहा घेतला नाही, खुर्ची दिली तर बसला नाही. भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "घर मजबूत आहे, मावशी. पण खरेदीखत अस्सल लागेल. कर्ज फिटेपर्यंत आमच्या तिजोरीत राहील."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाय तुझा?"

"आहे ना. पण कागद पाहिजे."

नवरा गेल्यापासून ते खत गोजरबाईने ट्रंकेच्या तळाशी ठेवलं होतं. पोटच्या सुदामलाही हात लावू दिला नव्हता. सुदाम अंबरनाथच्या कंपनीत कामाला, त्याला घरावर एक खोली चढवायची होती. गोजरबाईने मनात ती कधीच चढवली होती, वर गॅलरीही काढली होती. गॅलरीत झोपाळा, झोपाळ्यावर ती स्वतः, पाय सोडून. समोर चंदेरीचा डोंगर निळा होत चाललेला आणि खाली शेजारच्या द्रौपदीचं अंगण वाळवणासकट उघडं पडलेलं. वारा थेट डोंगरावरून यायचा आणि गोजरबाईला विचारून मगच पुढे गावात जायचा.

त्या वाऱ्यापायी तिने खत द्यायचं कबूल केलं. पण द्यायचं म्हणजे असंच? "परक्या घरी बारा वर्षं राहणार माझं लेकरू," ती सुनेला, चांगुणेला म्हणाली, "नेसवून-सजवून नको धाडायला?"

कुणाला न सांगता ती उल्हासनगरला गेली आणि कॅम्प पाचमध्ये एका सिंध्याच्या दुकानात तिन्ही पानांना जाड प्लास्टिक चढवून आणलं. तो म्हणाला, "अम्मा, बीस साल पानी नहीं लगेगा." आळीतल्या बायका बघायला आल्या. द्रौपदीने बोट फिरवून पाहिलं. "आरशासारखं झालंय गो," ती म्हणाली, आणि त्यातच केस सारखे केले.

सोमवारी सुदामला घेऊन गोजरबाईने ती पानं धर्मराजच्या टेबलावर ठेवली. धर्मराजने कागदाकडे पाहिलं आणि मग पहिल्यांदाच गोजरबाईकडे पाहिलं.

"मावशी, यावर शिक्का कुठे मारू?"

"मार की कुठेपण."

त्याने मारला. गोजरबाईने तो पदराने पुसून दाखवला. "बघ, डागसुद्धा राहत नाय."

"तेच सांगतोय. आमच्या वकिलांना स्टँपपेपर हातात धरून तपासावा लागतो. प्लास्टिक काढून आणा."

त्याच पावली दोघं उल्हासनगरला गेली. दुकानदार म्हणाला, "अम्मा, लगाने की मशीन है, निकालने की नहीं." परत येताना सुदाम मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. बोलला असता तर बरं, तिला उलटून तरी बोलता आलं असतं.

कोमट इस्त्रीने प्लास्टिक सुटतं, हा शोध द्रौपदीचा.

"आई, मी करते," चांगुणा म्हणाली.

"तू बस. दिवाळीत परकर कोणी जाळला?"

पहिला कोपरा सुटला, अगदी केळीच्या सालीसारखा. गोजरबाई खूश झाली. खूश झाली की तिची नजर आपोआप आढ्याकडे जायची. आढ्याच्या वर झोपाळा हलत होता. डोंगर आज जरा जवळ सरकला होता. वारा आला, म्हणाला, उशी देऊ का पाठीला? ती म्हणाली, दे.

"आई, इस्त्री!"

इस्त्री उचलली तेव्हा तिच्याबरोबर प्लास्टिक उठलं आणि प्लास्टिकबरोबर रामभाऊचा अंगठा. घर विकणारा रामभाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्याचा अंगठा आता आणायचा कुठून? खतावर त्या जागी भोक पडलं होतं, आणि भोकातून खालच्या चादरीचं गुलाबाचं फूल दिसत होतं.

त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. वरची खोली तर गेलीच, आता डोक्यावरच्या छपरालाही कागद नव्हता.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई एकटीच पतपेढीत गेली. जळका कागद रुमालात बांधून नेला होता. धर्मराजने गाठ सोडली, भोक पाहिलं, पण हसला नाही. खुर्ची पुढे केली, चहा मागवला.

"नोंदवलेलं खत आहे ना? मग रजिस्ट्रारच्या कचेरीत त्याची नोंद असणार. तिथून शिक्क्याची नक्कल काढू. तिच्यावर गहाणखत करून तेही नोंदवू. वेळ लागेल, पण घर कुठे जात नाही."

दोन महिने लागले. गहाणखतावर गोजरबाईने स्वतःच्या हाताने सही केली. एकेक अक्षर काढत गेली, सगळी पतपेढी थांबून राहिली. धर्मराजने कागद तिजोरीत टाकले आणि तिच्या हातात पावती ठेवली. "ही जपा, मावशी. कर्ज फिटलं की ही दाखवून कागद न्यायचे."

कागद पातळ होता. गोजरबाईने तो उजेडात धरला. नीट कशात तरी गुंडाळावा म्हणून बोटं चुळबुळायला लागली. खिडकीतून चंदेरी दिसत होता, नजर हळूहळू वर चालली. शेजारी बसलेला सुदाम खोकला.

तिने पावती टेबलावर परत ठेवली.

"धर्मा, तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस, ते शहाण्यासारखं केलंस. ही पावतीपण तूच ठेव. आणि ऐक, जास्त जपू नकोस तिला."