चाळीस सेव्हवाला

"गेममधला 'ग' काढणार नाही!" तज्ज्ञाने छातीवर हात ठेवून सांगितलं. "दोन तास काय, दोन दिवस बसव मला तुझ्या बाबांसमोर. तोंडातून अवाक्षर निघालं तर नाव बदलेन!"

तसं त्याचं नाव आधीच बदललेलं होतं. व्हिडिओ गेम या एका विषयावर त्याला इतकी मतं होती की मित्रांनी त्याला 'तज्ज्ञ' करून टाकलं होतं. आता तर त्याची आईसुद्धा फोनवर "तज्ज्ञा, जेवलास का रे?" असं विचारायची. पोटासाठी तो वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिका लिहायचा. चाळीस पानी, सचित्र, कोणीही कधीही न वाचलेल्या! स्वतः मात्र गेमच्या सुरुवातीला येणाऱ्या सूचना फटाफट पुढे ढकलायचा. माणसाला शिकवत बसू नये, सरळ मैदानात सोडून द्यावं, असं त्याचं ठाम मत होतं.

ज्या मुलीला तो हे वचन देत होता ती जनावरांची डॉक्टर होती. दोन वर्षं झाली होती दोघांना.

"हे बघ, बाबा नाही म्हणाले तरी लग्न मी तुझ्याशीच करणार," डॉक्टर म्हणाली. "पण ते हो म्हणाले ना, तर मला फार बरं वाटेल रे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत. मागे माझा एक मित्र घरी आला होता, त्याला बाबांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. का? तर तो मोबाईलवर फुगे फोडत बसला होता!"

"मोबाईलवरचे गेम हे मुळात गेमच नव्हेत. त्या कंपन्यांना..."

"बघ! झालं सुरू!"

तज्ज्ञाने ओठ मिटले. त्याच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती. सतत बटणं दाबून अंगठा सुजला होता आणि डॉक्टरनेच त्याला पट्टी बांधली होती, कुत्र्यांच्या पंज्याला बांधतात तीच!

डॉक्टरचे बाबा बस डेपोत फोरमन. मान जाड, आवाज इंजिनाचा. त्यांच्या घरी तज्ज्ञ सोफ्याच्या काठावर टेकला आणि त्याचा पाय आपोआप हलायला लागला. त्याने तो दुसऱ्या पायाने दाबला, तर तो दुसरा हलायला लागला. इतक्यात डॉक्टरचा फोन वाजला. कुणाच्या तरी बोक्याने शिवणाचा दोरा गिळला होता. ती फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार लोटलं गेलं.

फोरमन काका बराच वेळ पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खेळता वाटतं काही?"

आता इथे 'नाही' म्हणायचं होतं. एवढं सोपं होतं! पण तहानलेल्या माणसाने पाण्याला 'नको' म्हणावं कसं?

"खेळता म्हणजे? रोज!" तज्ज्ञ म्हणाला. 'गेम' हा शब्द काढला नाही, म्हणजे वचन शाबूत होतं.

"रोज?" काका सरसावून बसले. "किती वेळ?"

"ऑफिस असेल तर तीन तास. सुट्टीच्या दिवशी मोजत नाही."

"अरे वा! आणि हा अंगठा?"

"खेळण्यातच गेला. पण मी थांबलो नाही."

"शाब्बास! पुढे असता की मागे?"

"मी नाही बुवा पुढे घुसत. घुसणाऱ्यांचे हाल बघतो ना रोज! मी आपला एका जागी टपून बसतो. कोण कुठून येतंय त्यावर नजर ठेवतो."

काकांचे डोळे लकाकले. "आणि सेव्ह?"

हा प्रश्न ऐकून तज्ज्ञाला गहिवरून आलं. फोरमनसारखा फोरमन, आणि थेट मुद्द्यावर! "सेव्हचं तर विचारूच नका! सेव्ह केल्याशिवाय मी पाऊल पुढे टाकत नाही. दर दहा मिनिटांनी एक, म्हणजे एक! परवा तर एका बैठकीत चाळीस सेव्ह केले."

"चाळीस!" काकांच्या हातातली कपबशी खडखडली.

"पण खरं सांगू का काका, आता खेळात पूर्वीची मजा राहिली नाही. कंपन्यांनी वाट लावली. अर्धाकच्चा माल मैदानात उतरवतात!"

"माझ्या मनातलं बोललात!"

"आणि मग काय, चुका झाकायला आज एक पॅच, उद्या दुसरा पॅच!"

"छातीवर जाहिरातीचा पॅच, पाठीवर पॅच! अहो, जर्सीचा रंग दिसत नाही!" काकांनी टेबलावर मूठ आपटली.

जर्सी? तज्ज्ञ जरासा अडखळला. पण इतकी वर्षं मित्र त्याचं मत ऐकून पळ काढत होते आणि इथे एक माणूस मूठ आपटत होता! "आधी पैसे मोजून घेतात आणि खेळ नंतर दाखवतात. लाज नाही वाटत?"

"नाही वाटत!" काका उभेच राहिले. खिशातून मोबाईल काढून त्यांनी नंबर फिरवला. "हां, मेकॅनिक? गोलकीपर मिळाला रे! अरे, चाळीस गोल अडवणारा, चाळीस सेव्हवाला आहे! अंगठा मोडला तरी थांबत नाही! रविवारी येऊ दे त्या अग्निशमन दलाला, बघतोच!"

तज्ज्ञाच्या दोन्ही पायांचं हलणं एकदम थांबलं.

काकांनी फोन ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. तो हात बसच्या चाकाएवढा होता. "तुला सांगतो, वीस वर्षं डेपोची फुटबॉल टीम चालवतोय. महिनाअखेरीस निवृत्त होतोय. ही माझी शेवटची मॅच, आणि आमच्या गोलकीपरचा गुडघा गेला. चार दिवस झोप नाही मला. आणि देवाने तुला घरी पाठवला! चहा घे. बिस्किटं घे. अजून घे!"

डॉक्टर बाल्कनीतून आली तेव्हा बाबा शीळ घालत होते. तिने तज्ज्ञाला दाराबाहेर ओढलं. "काय केलंस तू? आई गेल्यापासून सहा वर्षांत बाबांची शीळ मी ऐकली नाही!"

"मी गेममधला 'ग' काढला नाही, शपथ!" म्हणून त्याने सगळं सांगितलं.

डॉक्टरने कपाळाला हात लावला. "आत्ताच्या आत्ता जाऊन खरं सांग."

"रविवारच्या आत सांगतो. नक्की सांगतो."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तो खरोखरच डेपोत गेला. वाटेत सगळी वाक्यं पाठ केली होती. पण फाटकाशी पोचतो न पोचतो तोच "आला रे, चाळीस सेव्हवाला आला!" अशी आरोळी उठली आणि बसखालून माणसं बाहेर आली. मेकॅनिकने ग्रीसचा हात पुसून त्याचा हात हातात घेतला. काकांनी कपाटातून नवी कोरी जर्सी काढली. पाठीवर आकडा होता, ४०.

"शिवणवाल्याकडे उभा राहून करून घेतला," काका म्हणाले. "काय म्हणत होतास?"

"काही नाही... मापाची आहे," तज्ज्ञ म्हणाला आणि जर्सी घेऊन परत आला.

आता अस्वस्थ माणूस काय करतो? तयारी करतो! त्याने फुटबॉलचा गेम आणला. तीन दिवस गोलकीपर होऊन बसला. जेवताना अंगठे हलायचे, अंघोळ करताना हलायचे, ऑफिसात 'कपडे पिळण्याची क्रिया' लिहिता लिहिता हलायचे. शनिवारी संध्याकाळी त्याने सर्वांत अवघड पातळीवर एकही गोल न खाता कप जिंकला आणि डॉक्टरला फोन केला.

"आता खरं सांगायची गरजच नाही. मी गोलकीपर झालोय!"

"अरे, तू जिना चढताना मध्ये बसतोस!" डॉक्टर ओरडली. पण तिचं ऐकतो कोण?

रविवारी गोलपोस्टमध्ये उभं राहिल्यावर तज्ज्ञाला पहिली गोष्ट कळली ती अशी, की गोलपोस्ट टीव्हीपेक्षा मोठा असतो. फार मोठा! समोर अग्निशमन दलाचे अकरा जण होते. दारं फोडणं हा ज्यांचा रोजचा धंदा, ते त्याच्याकडे बघून हसत होते. इथे कॅमेरा वरून दाखवत नव्हता. आपला कोण कुठे आहे ते कळत नव्हतं. थांबवायचं बटण नव्हतं. हे मैदान ज्याने बनवलं त्याने एकदाही तपासून पाहिलेलं नाही, असं तज्ज्ञाचं मत बनत असतानाच चेंडू त्याच्या कानाजवळून आत गेला.

दुसऱ्या मिनिटाला गोल!

पुढच्या वेळी तो पूर्ण सावध होता. चेंडू डावीकडून आला. तज्ज्ञाने अगदी बरोबर ओळखलं, अचूक वेळ साधली आणि हातमोज्यात दोन्ही अंगठे जिवाच्या आकांताने दाबले! शरीर जागचं हललं नाही. चेंडू शांतपणे जाळीत जाऊन बसला.

"अरे झेप घे, झेप!" मेकॅनिक किंचाळला.

"घेतली होती!" तज्ज्ञ रडवेला होऊन म्हणाला.

मध्यंतरापर्यंत पाच गोल झाले. प्रेक्षकांत डॉक्टर ओढणीत तोंड लपवून बसली होती. काका तरातरा आत आले. आता कानाखाली बसणार म्हणून तज्ज्ञाने डोळे मिटले.

"अंगठा दुखतोय का रे बाळा?" काकांनी विचारलं.

त्यापेक्षा कानाखाली बसली असती तर बरं झालं असतं! तज्ज्ञाच्या तोंडून सगळं खरं बाहेर आलं. "काका, मी गोलकीपर नाही. मी सोफ्यावर बसून व्हिडिओ गेम खेळतो. बुधवारी सांगायला आलो होतो, पण ही जर्सी... ते सेव्ह वेगळे असतात काका!"

"वेगळे म्हणजे?"

"म्हणजे खेळ जिथवर आलाय तिथली खूण ठेवायची. हरलो तर परत तिथून सुरू करायचं."

काकांनी जाळीकडे पाहिलं. "म्हणजे आत्ता परत शून्य-शून्य होईल?"

"तिकडे होतं. इकडे नाही."

काकांनी त्याच्या हातातले हातमोजे काढून घेतले, स्वतःच्या हातात चढवले आणि पोट सावरत गोलपोस्टमध्ये जाऊन उभे राहिले. वीस वर्षं कडेला उभं राहून ओरडणारा माणूस पहिल्यांदा आत गेला. त्यांनी दोन चेंडू पोटाने अडवले, एक पाठीने आणि एक नेमका कशाने ते डॉक्टर कधीच सांगणार नाही. उत्तरार्धात एकच गोल झाला. डेपो सहा-शून्यने हरला आणि मेकॅनिक मंडळींनी काकांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. चौघांचे खांदे दुखावले.

पण काका तज्ज्ञाशी एक शब्द बोलले नाहीत. सोमवारी नाही, मंगळवारी नाही.

"माझ्याशीसुद्धा बोलत नाहीयेत," डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. तज्ज्ञाने त्या दिवसांत एकदाही गेम लावला नाही. खरं तर त्याचा लाडका गेम संपत आला होता. दोनशे बारा तास खेळून झाले होते, फक्त शेवटची लढाई उरली होती. पण हात जाईना. तो नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरत होता.

गुरुवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात डॉक्टर आणि मागे काका!

"बघू तुझा तो गेम," काका म्हणाले आणि बूट काढून थेट सोफ्यावर जाऊन बसले. "हरून परत सुरू करता येतं म्हणालास ना? बघू कसं ते."

तज्ज्ञाने गेम लावून दिला आणि चहा टाकायला आत पळाला. तो चहा गाळतोय तोवर बाहेरून आवाज आला, "हे काहीतरी विचारतंय रे! जुना खेळ पुसून नवा सुरू करू का म्हणे!"

"काका, थांबा!" तज्ज्ञ गाळणी हातात घेऊन धावला.

"मी म्हटलं, कर बाबा!"

पडद्यावर पहिली पायरी झळकत होती. दोनशे बारा तास! तीन पावसाळे! तज्ज्ञ दारातच खांबासारखा उभा राहिला. गाळणीतून चहा त्याच्या पायावर ठिबकत होता.

"का रे? महत्त्वाचं होतं का काही?" काकांनी वळून विचारलं. डॉक्टर त्याच्याकडे बघत होती.

तज्ज्ञाने गाळणी पाठीमागे लपवली. "छे हो काका. काहीसुद्धा नव्हतं."

काका पुन्हा पडद्याकडे वळले. त्यांचा बाहुला खड्ड्यात पडला, मेला, उठला. पुन्हा पडला, पुन्हा मेला, पुन्हा उठला. काका खदाखदा हसायला लागले. "अरे, हे झकास आहे! हे बघ, सूचना येतायत. थांब, सगळ्या नीट वाचू दे." मग नजर न हलवता त्यांनी विचारलं, "आणि ते सेव्ह कसं करायचं, जावईबापू?"

डॉक्टरने चटकन तोंड फिरवून डोळे पुसले. तज्ज्ञाला आधी ऐकू आलं ते खरं वाटेना. तो काकांशेजारी जाऊन बसला, त्यांचा तो चाकाएवढा हात धरला आणि अंगठा बरोबर बटणावर ठेवून दिला. "इथे दाबायचं, बाबा. दर दहा मिनिटांनी."

बाबांनी दाबलं. पडद्यावर खूण उमटली.

"एक झाला!" बाबांनी पाय वर घेऊन मांडी ठोकली. "एकोणचाळीस राहिले. तेवढे करतो आणि मग जातो घरी."

तज्ज्ञाने मनातल्या मनात एकोणचाळीसला दहाने गुणलं आणि उठून तिघांच्या जेवणाचा कुकर लावला.