टकटकबाई आणि आमचा फुटपाथ

मला आजवर कोणी फसवलेलं नाही. म्हणजे प्रयत्न पुष्कळांनी केले, पण मी आधीच संशय घेऊन बसलेला असतो, त्यामुळे त्यांचं काही चालत नाही! घड्याळ दुरुस्तीला दिलं तरी मी काउंटरवरून हलत नाही. आतला एखादा स्क्रू बदलला तर?

म्हणूनच फुटपाथचं काम गल्लीने माझ्यावर सोपवलं. फुटपाथ म्हणायचं ते आपलं सवयीने. अर्ध्या फरश्या उखडलेल्या, उरलेल्या अर्ध्या पाय ठेवला की डुलणाऱ्या! मागच्या वर्षी आई तिथेच पडली. तेव्हापासून ती वॉकर घेऊन गेटपर्यंत येते, कोपऱ्यावरच्या बागेकडे बघते आणि परत फिरते. मी तिला शब्द दिला होता, "आई, या वर्षात तू एकटी बागेत जाशील!"

सह्या गोळा केल्या, अर्ज दिला. मागच्या गल्लीनेही दिला; त्यांचा पुढारी तिथला शिंपी. नगरपरिषदेने कळवलं, यंदा फुटपाथ आणि सायकलपट्टा एकाच गल्लीत होईल. कुठल्या, ते अभ्यास करून ठरवू.

आणि सोमवारी सकाळी साडेसहाला आमच्या कोपऱ्यावर ती दिसली. घडीची खुर्ची, डोक्यावर टोपी, दोन्ही मुठींत काहीतरी काळं. मी समोरून गेलो. टक्! परत आलो. टक्!

"काय चाललंय?"

"काम चालू आहे, काका."

"कसलं?"

"सांगायची परवानगी नाही."

झालं! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शिंपी! दुसरं कोण?

पण मी पुराव्याशिवाय बोलत नाही. टोपी घालून गेलो. उजव्या मुठीतून टक्! छत्रीआड तोंड लपवून गेलो. टक्! सायकल काढली, तर डाव्या मुठीतून टक्! म्हणजे बाई नुसती पाळत ठेवत नव्हती, मी कसा जातोय तेही टिपत होती! सायकल हातात धरून चालत गेलो, तेव्हा मात्र ती गडबडली. दोन्ही मुठींकडे बघितलं, मग उजवी दाबली. म्हटलं, पकडली चोरी!

शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना उठवलं. ते दात घासता घासता एक चक्कर मारून आले.

"अहो, मलाही टक् केलं हो! मी कोणाचं काय वाकडं केलंय?"

सातच्या आत गल्ली आमच्या जिन्याखाली जमा झाली. मी सगळं उलगडून सांगितलं. "शिंपी आपल्या चुका टिपतोय! कोण रस्त्याच्या मधून चालतो, कोण उलट्या बाजूने सायकल हाणतो, सगळं नगरपरिषदेच्या सभेत मांडणार. म्हणणार, असल्या लोकांना फुटपाथ कशाला?"

"मग करायचं काय?"

"तिला काही सापडूच द्यायचं नाही! ती उठेपर्यंत सगळ्यांनी मागच्या दाराने, मागच्या गल्लीतून ये-जा करायची."

आतून आई म्हणाली, "अरे, मी विचारून बघू का तिला? पोरगी उन्हात बसलीये."

"आई, तू यात पडू नकोस!"

तीन दिवस गल्लीने काय शिस्त पाळली! शाळेची पोरं, नोकरदार, पिशव्या, सायकली, सगळं मागच्या बाजूने. पुढे चिटपाखरू नाही. मी तेवढा अधूनमधून फेरी मारायचो, तिची किती जिरली ते बघायला. टक्! बुधवारी संध्याकाळी तिने जांभई दिली, खुर्ची मिटली आणि गेली.

"पळवून लावली!" मी आईला सांगितलं.

शनिवारी नगरपरिषदेची सभा. आईला गाडीतून नेऊन पुढच्या रांगेत बसवलं. आत वाद रंगला होता.

"सायकलपट्टा झाला तर गाड्या लावायच्या कुठे?" एक सभासद कडाडले.

"तुमची दहा वर्षं फुटपाथवरच आहे, तिथेच राहू द्या!" दुसऱ्या बाई म्हणाल्या.

मग अभियंता कागद घेऊन उठला. "दोन्ही गल्ल्यांत तीन दिवस मोजणी केली. मागची गल्ली, पादचारी दोन हजार एकशे चाळीस. सायकली सहाशे बारा."

"एवढे?" शिंपीच ओरडला. त्यांच्या गल्लीतही एक खुर्ची होती म्हणे, पण त्या गर्दीत ती कोणाला दिसलीच नाही!

"पुढची गल्ली. पादचारी सत्तावन्न."

"हजार?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नुसते सत्तावन्न. शेरा असा आहे, त्यातले एक्कावन्न एकच गृहस्थ असावेत. तीन वेळा छत्री उघडून, पाऊस नसताना. सायकली चार. चारही वेळा तेच."

हेडमास्तर माझ्याकडे वर्गातल्या नजरेने बघायला लागले. तरी मी उठलो. "मोजणी होती तर सांगितलं का नाही?"

"सांगितलं की लोक मुद्दाम फेऱ्या मारतात," अभियंता म्हणाला.

सगळं सभागृह हसलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "त्या गल्लीत कोणी राहतं तरी का?"

तेव्हा आई उभी राहिली. वॉकरचे पाय फरशीवर वाजले.

"राहतात हो. माझ्या मुलाने सगळ्यांना मागच्या दाराने पळवलं. मनाने वाईट नाही तो, संशयी आहे. लहानपणी औषधसुद्धा आधी मला प्यायला लावायचा. पण मला बागेत जायचंय. वर्ष झालं, मी गेटवरून परत फिरते."

ठराव झाला: पुढच्या गल्लीत एक दिवस फेरमोजणी. अट एकच: सदर गृहस्थांना त्या दिवशी घरात ठेवावे. एकमताने मंजूर! शिंप्यानेही हात वर केला. का केला असेल, ते मी अजून शोधतोय.

आज तो दिवस. पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना बाहेरून कुलूप, किल्ल्या हेडमास्तरांकडे! मी वरच्या खिडकीत. खाली अख्खी गल्ली पुढून ये-जा करतेय, टक् टक् टक्!

आणि त्यात आई. गेटच्या बाहेर! डुलणाऱ्या फरश्यांवरून वॉकर पुढे टाकत ती टकटकबाईपर्यंत गेली. टक्! वळली, परत आली. टक्! चौथ्या फेरीला तिचे पाय थरथरताना मला वरून दिसले. पुढे उखडलेली फरशी, ती पडली होती तीच.

"आई, जपून!" मी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडलो.

टकटकबाईने दचकून वर बघितलं. अंगठा तयारच होता.

आईने फरशी ओलांडली, श्वास घेतला आणि तिला म्हणाली, "त्याला नको गं मोजूस. तो घरातच आहे."