ऋणनिर्देशात नसलेले शिर्केभाई

नवा प्रबंध बांधून विभागात आला की शिर्केभाई त्यातलं एकच पान वाचत, ऋणनिर्देशाचं. उभ्या उभ्या, ओळीवर बोट ठेवून. मग प्रबंध मिटून म्हणत, "जवा दो, जाऊ द्या. आपण नोकरी सोडणार."

बडोद्याच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्राचे लॅब अटेंडंट, आणि मी लेक्चरर. त्यांची बोटं ॲसिडनं कायमची पिवळी झालेली. सकाळी आम्ही पोचायच्या आत डिस्टिल्ड वॉटर तयार आणि ब्युरेटी धुऊन उलट्या लावलेल्या असत.

कुणी कुणाचे आभार मानले, हे त्यांना तोंडपाठ होतं. एकानं सासऱ्यांचे मानले होते, एकानं टायपिस्टचे, आणि एका महाभागानं घरमालकाचे, पाण्याची मोटर वेळेवर लावल्याबद्दल. "तीन वर्षं त्याच्या काचा आपण घासल्या, आणि आभार मोटरीचे," शिर्केभाई म्हणत. यात त्यांचं काय चुकत होतं, सांगा.

नव्वदीनंतर विभागात कॉम्प्युटर आला. त्याला एसी खोली मिळाली, प्राध्यापकसुद्धा चपला बाहेर काढून आत जायचे. शिर्केभाईंना वीस वर्षांत एक बढती मिळाली नाही. त्यांचा जोडीदार रिटायर झाला तेव्हा ती जागाच बंद केली आणि दोघांचं काम यांच्या गळ्यात मारलं. मकरपुऱ्याची एक औषध कंपनी त्यांना बोलावत होती. तिथं गणवेशाच्या खिशावर नाव शिवून मिळायचं. तरी "सोडणार" म्हणून दुसऱ्या दिवशी हे हजर. आम्ही शिकलेली माणसं त्यावर हसायचो. आज त्याची चीड येते.

मग त्यांची बायको गेली. तेरावं झाल्यावर कामावर आले ते राजीनामा घेऊनच. मी रावपुऱ्यात त्यांच्या घरी गेलो. आता एकटे पडलात, विभागात ओळखीची माणसं तरी आहेत, असं काहीबाही समजावू लागलो.

त्यांनी चहा पुढे केला.

"तिला इंग्रजी येत नव्हतं, साहेब. प्रबंध आला की विचारायची, यात तुमचं नाव आहे ना? मी म्हणायचो, आहे. दर वेळी. नोकरी सोडली असती तर तिला काय सांगणार होतो? आता विचारणारं कोणी नाही."

"माझ्या प्रबंधातही आहे म्हणालात?"

"तुमच्यात तर सगळ्यांत वर आहे म्हणालो. तिनं विभागासाठी पेढे पाठवले होते."

आठवले ते पेढे. मी दोन खाल्ले होते, माझ्या पीएच.डी.चे समजून.