दौलतच्या मागची जागा

उटनूरच्या अलीकडे, आमच्या गावात, बालपोषण केंद्र आहे. दर मंगळवारी तेथे मुलांची वजने होतात आणि आठ किलोच्या खाली भरणाऱ्या मुलाला दूध, अंडी व औषध मिळते. काटा केबलीने संगणकाला जोडलेला असल्यामुळे माणसाने आकडा वाचण्यास मनाई आहे.

संक्रांतीनंतर वरच्या कचेरीने संगणकाची प्रणाली अद्ययावत केली. तेव्हापासून काट्यावरच्या मुलाच्या नावापुढे आधीच्या मुलाचे वजन पडू लागले. संगणकचालक हर्षदीपने कारण शोधले. प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, केबलीतून आलेला आकडा पुढे देणारा सिरियल ड्रायव्हर असतो. जुन्या आवृत्तीत तो नीट चालत होता. नव्या आवृत्तीत पुढचा आकडा आल्याशिवाय तो हातातला सोडेना. कचेरीत उभा जन्म गेलेल्या पर्यवेक्षक यशवंतरावांना यात काही वावगे दिसले नाही. 'काटा आकडा देतो, संगणक घेतो' असा शेरा मारून त्यांनी तक्रार निकाली काढली.

गाव मात्र शहाणे. सोनाबाईचा दौलत दोन वर्षांचा आणि सहा किलोचा. त्याच्यामागे जे मूल उभे राही, ते सहा किलोचे ठरे.

"आमाले आज मांगं राहू द्या," सोनाबाई म्हणे.

"असं कसं बाई? नाजूक लेकरू तुमचं. तुमी पुढं व्हा!" सारी रांग एकमुखाने म्हणे.

पुढे म्हणजे पहिल्या नंबरावर. त्याआधी नियमानुसार तपासणीचे दहा किलोचे लोखंडी वजन काट्यावर ठेवलेले असे. त्यामुळे दौलत दर मंगळवारी दहा किलो भरे. मार्चमध्ये त्याला सुदृढ बालकाचे प्रमाणपत्र मिळाले. त्याच्या मागच्या जागेसाठी आम्ही चिठ्ठ्या टाकू लागलो. माझ्या चौदा किलोच्या नातवाला ती दोनदा लाभली. अंडी त्याला मानवली.

"साहेब, लेकराच्या बरगड्या पाहा ना. काटाच काऊन पाहून राह्यले?" सोनाबाईने विचारले.

"बाई, बरगड्यांचा रकाना नाही," यशवंतराव म्हणाले. ते मनाने वाईट नाहीत. रकाना असता, तर त्यांनी भरला असता.

हर्षदीप हट्टाला पेटला. त्याने ड्रायव्हरचा जुना आणि नवा कोड ओळीला ओळ लावून ताडला. एक ओळ जागची हलली होती. ती त्याने परत जागेवर आणली. पुढच्या मंगळवारी दौलत सहा किलो भरला आणि माझा नातू चौदा. सोनाबाई दुधाचा डबा छातीशी धरून रडली.

दुपारीच वरून फोन आला. नोंदीप्रमाणे एक प्रमाणपत्रधारक सुदृढ बालक आठवड्यात चार किलोंनी घटले होते. त्या आठवड्यात केंद्रात एकच बदल झाल्याचे चौकशीत आढळले: हर्षदीपची दुरुस्ती.

"सर, लेकरू पयलेपासूनच सहा किलोचं हाय," हर्षदीप यशवंतरावांना म्हणाला.

"मंग प्रमाणपत्र खोटं हाय का? सही माझी हाय त्याच्यावर!"

कुपोषणास कारणीभूत ठरल्याबद्दल हर्षदीपची बेज्जूरला बदली झाली. ड्रायव्हर पूर्ववत बिघडवण्यात आला. तसा अर्ज गावानेच दिला होता. पहिली सही माझी.

सोनाबाईला आम्ही अजूनही मानाने पुढे करतो. तुमचे मूल गुटगुटीत असले तरी संकोच करू नका, घेऊन या. फक्त लवकर या. दौलतला आता काट्यावर बसवता येत नाही, निजवावे लागते.