जादूच्या शाळेतली शोकांतिका

पुस्तकाची पारख करावी तर मीच करावी! हे माझं मत नाही, अनुभव आहे. तसं मतही माझंच आहे. पण सांगायचं म्हणजे, मी शालेय गाईडांचा संपादक आहे, आणि भूमितीच्या गाईडातही ज्याला लेखकाच्या मनातली वेदना दिसते, त्या माणसाला इतर पुस्तकं म्हणजे हातचा मळ!

तर एका शनिवारी आमच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि जाहीर केलं, "आपण मंगा काढायचा!"

मी खुर्चीतून उठलोच. मंगा हा आमचा शिपाई. "कामावरून?" मी म्हटलं. "मालक, गरीब माणूस आहे हो तो!"

"तो नव्हे हो! मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. गाईडं आता कोण घेतं? पोरं फोनलाच उत्तरं विचारतात. पण हे बघा, याच्यावर उड्या पडतात!" त्यांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "मंगळवारी जपानहून त्यांच्या प्रकाशनाच्या बाई येताहेत, मराठी हक्कांचं बोलायला. तुम्ही त्यांच्यासमोर याची बलस्थानं आणि उणिवा सांगायच्या. आपण अभ्यास करून व्यवहार करतो, हे कळलं पाहिजे त्यांना!"

विषय काय, तर जादूची शाळा. तिथे एक साधा मुलगा, आणि त्याच्यावर भाळलेल्या सात मुली. या प्रकाराला त्या धंद्यात 'हॅरेम' म्हणतात म्हणे! मी नाक मुरडलं. तेवढ्यात बेडूकताई दारात आली. ती आमची चित्रकार. बेडकाची पचनसंस्था तिच्याइतकी देखणी कोणी काढत नाही, म्हणून हे नाव. पुस्तक पाहून तिचे डोळे चमकले.

"साहेब, एक सांगू? हे पुस्तक वाचताना ना..."

"बेडूकताई," मी हात वर केला, "पुस्तक कसं वाचायचं हे आता तुम्ही मला शिकवणार?"

"तसं नाही हो साहेब, पण ते उज..."

"तुम्ही बेडकाकडे बघा!"

ती बिचारी बेडकाकडे वळली. आणि माझे ग्रह फिरले!

रविवारी जेवण उरकून मी पुस्तक घेऊन बसलो. उघडलं, तर मुखपृष्ठ मागच्या बाजूला! म्हटलं, चला, बाइंडिंगचा घोळ सगळ्या जगात सारखाच. आणि पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरं: 'थांबा! तुम्ही चुकीच्या दिशेने निघाला आहात!'

अंगावर काटा आला माझ्या! बाकी काही नाही, थेट वाचकाच्या जीवनावर घाव! त्याखाली बारीक टाइपात बरंच काही होतं, पण प्रस्तावना वाचतो तो कसला संपादक? मी पान उलटलं.

पृष्ठक्रमांक एकशे नव्वद. पुढचं पान एकशे एकोणनव्वद. मग अठ्ठ्याऐंशी. उलटी गिनती! लेखकाने माणसाच्या आयुष्याची उरलेली पानं मोजायला घेतली होती! कथा सुरू होते तीच सुखाच्या शिखरावर. सातही मुली नायकाभोवती, सगळी शाळा टाळ्या वाजवतेय. शेजारी राक्षस मरून पडलाय. आणि इथून उतरण लागते. मेलेला राक्षस हळूहळू उठून बसतो, गुरगुरतो आणि ताजातवाना होऊन निघून जातो! जुनं पाप असंच जिवंत होतं, नाही का? आणि संवाद तर काय वर्णावेत! आधी उत्तर, मग प्रश्न! आधी स्फोट, मग मंत्र! एका प्रसंगात एक लाल केसांची मुलगी नायकाला खाडकन थोबाडीत मारते, आणि त्यानंतर तो धडपडून तिला हौदात ढकलतो. आधी शिक्षा, मग गुन्हा! मी पेन्सिल खाली ठेवली आणि मनातल्या मनात लेखकाला दंडवत घातला.

मग एकेक मुलगी त्याला विसरत जाते. काल जी त्याच्यासाठी वीज झेलत होती, ती आज विचारते, "तू कोण?" दहा पानं गेली की दुसरी विचारते, "तू कोण?" सातवीने विचारलं तेव्हा माझा चष्मा धूसर झाला. त्याची जादू जाते. शाळा जाते. पिशवी घेऊन तो फाटकाबाहेर एकटा उभा राहतो. आणि अखेरच्या पानावर तो अंथरुणात पडलाय, आई उशाशी उभी राहून आक्रोश करतेय, "ऊठ! ऊठ रे! उशीर झाला!"

तो उठत नाही.

मी ढसाढसा रडलो! बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"अहो, काय झालं? कोण गेलं?"

"तो गेला गं! सातजणी होत्या, शेवटी एकही राहिली नाही!"

बायको मटकन खुर्चीत बसली. "सातजणी? कुणाच्या? तुमच्या ऑफिसात चालतं तरी काय?"

"ऑफिसात नाही, पुस्तकात!"

"हात्तिच्या! मला वाटलं, माणूस गेलं." तिने पुस्तक उचललं, ज्या बाजूला मुखपृष्ठ होतं त्या बाजूने उघडलं, आणि थोड्याच वेळात खुदुखुदु हसायला लागली.

"हसतेस काय? मेलाय तो!"

"मेला कुठे? आत्ताच तर झोपेतून उठलाय. उशीर झाला म्हणून धावत सुटलाय."

"उठत नाही, हीच तर शोकांतिका आहे!"

"उठतो हो! ही बघा, फाटकापाशी पहिली मुलगी भेटली त्याला."

"ती शेवटची!"

"पहिली!"

आता मला उलगडा झाला. "तू शेवटाकडून वाचतेयस! रहस्यकथेतही आधी खुनी बघतेस, ही तुझी जुनी खोड आहे!"

यावर बायको जे बोलली ते साहित्याविषयी नव्हतं. म्हणून इथे देत नाही.

मी तडक मालकांना फोन लावला आणि गोष्ट ऐकवली. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. मालक विधुर. मुलगी परदेशी. "सगळे विसरतात हो माणसाला," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, पोरकट काहीतरी असेल. साहेब, मंगळवारी जोरात होऊ द्या!"

आणि मालकांच्या मनात एकदा 'जोरात' आलं की ते कुणाचं ऐकत नाहीत. मंगळवारी बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं, तर समोर भिंतभर नायकाचं चित्र, भोवती काळी चौकट, खाली शब्द: 'एका जादूगाराची अखेर'! अध्यक्षपदी साहित्याचे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी पुस्तक उघडलंही नव्हतं, पण मी दोन वाक्यं सांगताच म्हणाले, "मी हेच तर आयुष्यभर म्हणत आलो!" बेडूकताई कोपऱ्यातून माझ्याकडे हातवारे करत होती. उजवीकडून डावीकडे, उजवीकडून डावीकडे! मला वाटलं, खुर्च्या सरकवायला सांगतेय. मी दोन सरकवल्या.

इतक्यात पाहुण्या बाई दुभाष्याला घेऊन आल्या. हसतमुखाने आल्या, भिंतीकडे पाहिलं आणि पांढऱ्याफटक पडल्या! दुभाष्याच्या कानात काहीतरी पुटपुटल्या.

"बाई विचारताहेत," दुभाषी म्हणाला, "लेखक कधी वारले?"

"लेखक?" मालक दचकले. "लेखक वारले?"

"अरेरे!" प्राध्यापक ताबडतोब उठून उभे राहिले. "आपण दोन मिनिटं स्तब्ध राहू या!"

सगळे उभे! बाई एकीकडे घाईघाईने फोन लावताहेत, मंगा शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारातच पुतळ्यासारखा थिजलाय, आणि त्या स्तब्धतेत फोनवर लेखक स्वतः आला! बाईंनी किंकाळी फोडली. पलीकडे काय बोलणं झालं देव जाणे, पण दुभाषी घाम पुसत म्हणाला, "लेखक जिवंत आहेत. त्यांना झोपेतून उठवलंय. आपण कोण आहोत, असं ते विचारताहेत."

"गैरसमज झालाय!" मी पुढे सरसावलो. "वारला तो नायक!"

दुभाष्याने सांगितलं. बाई गोंधळल्या. "बाई म्हणताहेत, नायक तेविसाव्या भागात ठणठणीत आहे. सातच्या अकरा झाल्यात."

"मेल्यानंतर?" मालकांनी विचारलं.

आता माझ्याशिवाय सभेला तारणारा कोणी नव्हता! मी घसा खाकरला आणि सुरू केलं. बलस्थानं: लोकप्रियतेचा फोलपणा, विस्मृतीचं क्रौर्य, कार्यकारणभावाची उलथापालथ. उणिवा: सुरुवातच फार गोड, सातही मुलींचं प्रेम एकदम अंगावर येतं आणि का बसलं ते कळतच नाही. शेवटच्या पानावरचा आईचा टाहो सांगताना माझा आवाज कापला. मालकांनी रुमाल काढला. मंग्याने ट्रे ठेवून डोळे पुसले. दुभाषी तर 'टाहो'पाशी अडकूनच बसला.

सारं ऐकून बाई सावकाश उठल्या. माझ्या हातातलं पुस्तक घेतलं. पालथं केलं. मुखपृष्ठ वर आलं. बोटाने उजवीकडून डावीकडे रेघ ओढून दाखवली. मग माझं ते पहिलं पान उघडलं, आणि मी न वाचलेल्या बारीक टाइपावर बोट ठेवलं. दुभाष्याने मोठ्याने वाचलं: "'हा पुस्तकाचा शेवट आहे. जपानी पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचतात. कृपया दुसऱ्या बाजूने सुरुवात करा.'"

मी वाकून तो मजकूर स्वतः वाचला. तेच लिहिलं होतं.

"उज... म्हणजे उजवीकडून," बेडूकताई हळूच म्हणाली. "शनिवारी तेच सांगत होते साहेब."

प्राध्यापक म्हणाले, "मला सुरुवातीपासूनच शंका होती," आणि चहाचा कप घेतला.

मालकांचा चेहरा पडला होता. पण माझ्यावर चिडलेले दिसले नाहीत. "मग खरी गोष्ट काय आहे?" त्यांनी विचारलं.

दुभाष्याने सांगितलं, "मुलगा उठतो. शाळेत जातो. सातजणी प्रेमात पडतात. राक्षस मरतो."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि शाळेत शिकवतात काय?"

दुभाष्याने बाईंना विचारलं. बाईंनी बराच विचार केला. "बाई म्हणताहेत, तसा तास कधी झालेला दाखवलेला नाही."

मालकांनी काळ्या चौकटीकडे एकदा पाहिलं, सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "यांची गोष्ट चांगली होती हो." मग करार केला. पुस्तकाची सगळी जबाबदारी दिली बेडूकताईला, आणि तिच्या हाताखाली शुद्धलेखन तपासायला नेमलं मला! ती मनाने चांगली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "साहेब, आता सुलट वाचून खरी बलस्थानं सांगाल का? टोमणा नाही मारत. मला हवीयत."

म्हणून पुस्तक पुन्हा घरी आणलं. या खेपेला मुखपृष्ठाकडून, बायकोच्या शेजारी बसून वाचलं. काय सांगू, मजा आली! चित्रं अशी, की वारा सुटला तर आपला शर्ट फडफडावा. आणि ज्याला घरी आईशिवाय कोणी हाक मारत नाही, त्या पोराला कुणीतरी नावाने हाक मारतं, त्या पानावर मी पुन्हा हळवा झालो. या वेळी योग्य जागी.

बायको मात्र कडक परीक्षक निघाली. "पोरींना आग लावता येते, वादळ उठवता येतं," ती म्हणाली, "आणि भांडतात कशावरून, तर त्याच्या शेजारी कोण बसणार! एकीला तरी दुसरा उद्योग द्यायचा! तो पोरगा तापाने घरी असतो ना, आणि सातजणी मिळून शाळेचं छत दुरुस्त करतात, तेवढी पानं झकास आहेत. तो नसला की पुस्तक कसं मोकळा श्वास घेतं!"

मला पटलं. पण एक कोडं सुटेना. ना रूप, ना हुशारी, ना धड बोलणं. मी तिला विचारलं, "पण त्या पोरात असं आहे तरी काय गं, की सातजणी भाळाव्यात?"

"काहीच नाही," बायको पान उलटत म्हणाली. "तुमच्यात तरी काय होतं? मी एकटीच होते, म्हणून बोभाटा झाला नाही!"